गच्चीवरची उलटी गाठ

जळगाव,
वैशाखातली एक संध्याकाळ, कूलरसमोर बसून

प्रिय चारूस,

तुझ्या संघमित्राचा सप्रेम जयभीम, आणि तुमच्या घरच्या रीतीने नमस्कारही.

आज सकाळी चहा उकळत असताना एकदम जुन्या बसस्टँडवरचं आपलं बाकडं आठवलं. शाळा सुटलेली, तुझी असोद्याची गाडी यायची आहे, आणि दोघींच्या मांडीवर मिळून एक पुस्तक. डावं पान माझ्या मांडीवर, उजवं तुझ्या. मी भरभर वाचून पान उलटायला हात घालायचे, आणि तू खालच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून ठेवायचीस. तुझं वाचून झालं की 'हं' म्हणायचीस, मगच तो अंगठा निघायचा. तेवढ्या वेळात मी समोर बघत बसायचे. केळीच्या घडांनी लादलेला ट्रक, पेरूवालीची टोपली, कुणाच्या तरी डोक्यावरची पत्र्याची पेटी. पेरू आपणही घ्यायचो, आणि मिठाचं बोट पानाला लागू नये म्हणून तू मला ओरडायचीस. मग गाडी यायची, कंडक्टर तुला नावाने हाक मारायचा, तू मान वर न करता त्याला हातानेच 'थांबा' म्हणायचीस, आणि ती गाडी (आजच्या मुलांना खोटं वाटेल) खरंच थोडी थांबायची. कारण तिकडे भर समुद्रात एका माणसाचं शीड फाटलेलं होतं आणि त्याला तसंच सोडून तुला असोद्याला जाता येत नव्हतं.

तुझा गुडघा कसा आहे? धुळ्याला नळ आता किती दिवसांनी येतो? योगेंद्र आणि सूनबाई रत्ना बरे असतील. भाचा असावा तर योगेंद्रसारखा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण तुझ्या खोलीला खिडकी पाडून द्यायचं त्याने अजून मनावर घेतलं की नाही ते कळव. जिने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला तिला निवृत्तीनंतर कोठीची खोली मिळावी, आणि तिथून ना पूर्व दिसावी ना पश्चिम, हे मला पटत नाही. माझी तब्येत उत्तम. कमरेभोवती थोडं काळंनिळं झालं आहे, पण त्याचा खुलासा पुढे येईल.

चारू, माझ्या संघपालचा तुला पुण्याहून फोन येऊन गेला असेल, किंवा आज-उद्या येईल. तो म्हणेल, 'मावशी, आईला तुम्हीच समजावा.' कदाचित तुझ्या फोनवर तो व्हिडिओही पाठवेल. तो तू पाहिला असशील तर एवढंच लक्षात घे की व्हिडिओत दिसते ती मीच आहे, दोर माझाच आहे, आणि मला कोणीही बांधलेलं नव्हतं. माझी बाजू मी फोनवर सांगितली असती, पण फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस, आणि त्या 'हं'चा अर्थ लावायला समोर तुझा अंगठा दिसावा लागतो. म्हणून हे पत्र.

खुलासा करायचा तर आपल्या चौघांपासूनच सुरुवात करायला हवी. सिस्टर अगाथांच्या वाचनालयातलं ते खिडकीखालचं फळकूट आठव. सिस्टर मंगळूरकडच्या, समुद्राकाठी वाढलेल्या, आणि त्यांना नेमलं कुठे तर जळगावात, जिथे मार्च महिन्यापासून पाणी म्हणजे माठ. बिचाऱ्यांनी स्वतःसाठी म्हणून ती पुस्तकं जमवली असावीत. एकट्यानेच होडी घेऊन महासागर ओलांडणाऱ्या आणि परत आल्यावर पुस्तक लिहिणाऱ्या माणसांची. त्यांना देवभोळ्या मुली नको होत्या, अक्षर चांगलं असलेल्या मुली हव्या होत्या. आपलं होतं, म्हणून ते फळकूट आपल्याला मिळालं. 'ही सगळी घरातून पळालेली माणसं आहेत,' त्या म्हणायच्या, 'पण वाक्यं नीट लिहितात.' सिस्टर परत गेल्या तेव्हा त्यातली चार त्यांनी आपल्याला देऊन टाकली, आणि आपण त्या लेखकांच्या लांबलचक परदेशी नावांवर केव्हाच काट मारून त्यांची आपली नावं ठेवली होती.

पहिला आपला तलाठी. चाळीसगावच्या उन्हात उभं राहून पंचनामा करावा तसा हा इंग्रज अटलांटिकचा पंचनामा करायचा. 'वारा वाढला. शीड उतरवलं. डोलकाठी मोडली. बटाटे उकडले.' डोलकाठी आणि बटाटे त्याच्या लेखी एकाच मोलाचे. दुसरे महाराज, फ्रान्सकडचे. ते अनवाणी असायचे आणि ढगांशी बोलायचे. एका ढगावर त्यांनी अकरा पानं लिहिली आहेत, आणि शेवटी ते किनाऱ्याला लागले की नाही हे सांगायचं राहूनच गेलं आहे. तिसरे वकीलसाहेब, अमेरिकन, ज्यांचं होडी बांधणाऱ्याशी भांडण, बिस्किटांच्या कंपनीशी भांडण, हवामानखात्याशी भांडण आणि दुसरं कोणी उरलं नाही की विषुववृत्ताशी भांडण. आणि चौथी मावशी, जिने मुलींची लग्नं उरकली, घराला कुलूप घातलं आणि जी एक कुंडी सोबत घेऊन निघाली. ती लाटेलाही रागवायची, पण आपल्या कोंबड्यांना रागवावं तशी, हातातलं काम न थांबवता.

समुद्र चौघांना सारखाच भेटला ग. त्याने कोणाला कमी दिलं नाही, कोणाला जास्त दिलं नाही. तेच वादळ तलाठ्याने दोन ओळींत संपवलं, महाराजांनी त्याचे आभार मानले, वकीलसाहेबांनी त्याला दोषी ठरवलं आणि मावशीने वादळ चालू असतानाच डबे उतरत्या भाजणीने लावून घेतले, कारण तसेही ते खाली पडलेलेच होते. मला तेव्हा महाराजच आवडायचे. शाळेच्या वहीवर मी त्यांचे ढग उतरवून घ्यायचे. तू तलाठ्याच्या बाजूची. मी म्हणायचे, हा काय माणूस आहे, ह्याला काही वाटतच नाही. तेव्हा तू एकदा मधलंच पान काढून त्या एका ओळीवर बोट ठेवलंस. 'आज चहा दोन कप केला. चूक.' एवढंच लिहिलं होतं त्याने, आणि खाली लगेच वाऱ्याची दिशा. तू म्हणालीस, 'हे पुस्तक एवढंच आहे, मित्रा. बाकी सगळी हवा आहे.' मला त्या वयात ते काही कळलं नाही. मी पेरू खात होते.

(समुद्र आपल्या दोघींत मी एकटीने पाहिला आहे, ही गोष्ट मी तुला फार वेळा सांगते असं तू म्हणतेस. तरी पुन्हा सांगते. लहानपणी वडिलांबरोबर, आमच्या दादांबरोबर, सहा डिसेंबरला चैत्यभूमीला गेले होते. इतकी माणसं, की आधी मला वाटलं समुद्र म्हणतात तो हाच. मग माणसांच्या पांढऱ्या कपड्यांच्या पलीकडे एक राखी रंगाचं काहीतरी हलताना दिसलं. दादा म्हणाले, 'बघून घे. पण हात सोडू नको.' मी बघून घेतलं, हात सोडला नाही. सगळ्या दर्यावर्दी पुस्तकांचं सार त्यांनी तिथे उभ्या उभ्या सांगून टाकलं होतं, पण तेव्हा मी ती पुस्तकं वाचलेली नव्हती.)

तर आता घराकडे. रविंद्र गेल्यापासून मी या घरात एकटी आहे हे तुला माहीत आहे, पण एकटी म्हणजे कशी आहे हे मी कोणाला नीट सांगितलेलं नाही. मुलगा विचारतो, 'आई, कंटाळा येतो का?' आता काय सांगायचं. दुपारी मी वाळ्याचा पडदा भिजवते आणि कूलर लावते. कूलरच्या आत पाणी ठिबकत असतं, पंप गुरगुरतो, वाळ्याचा तो ओला, मातीसारखा वास खोलीभर पसरतो, आणि भिंतींवर हिरवट उजेड हलत राहतो. बाहेर डांबर वितळतंय, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही, आणि आत मी कॉटवर पडून सरळ अटलांटिकात. डोळे अर्धे मिटले की कॉट हलकेच डुलते. भिंतीवरचं कॅलेंडर वाऱ्याने फडफडतं ते शीड. मधूनच दूर रेल्वेची शिट्टी होते, ती एखादी मालवाहू बोट असते. आपण दिसलो नाही तिला, गेली. संध्याकाळी गच्चीवर जावं तर सगळं जळगाव म्हणजे नांगरलेल्या होड्यांचं बंदर. प्रत्येक गच्चीवर काळी टाकी, प्रत्येक दोरीवर फुगलेली लुगडी आणि धोतरं, आणि लांब असोद्याच्या बाजूला तुमच्या केळीचा हिरवा काठ. तिथे किनारा आहे असं मी धरून चालते. मला कंटाळा येत नाही, चारू. फक्त रोज सकाळी माझा हात दोन कपांचं आधण ठेवतो. तेवढंच.

आता प्रसंगाकडे येते. परवा कुरडया घातल्या होत्या. मंदाबाईंनी सकाळी येऊन चीक शिजवायला आणि सोऱ्या दाबायला मदत केली आणि त्या दुसऱ्या कामावर गेल्या. (मंदाबाई मूळच्या एरंडोलकडच्या, आमच्याकडे फार वर्षांपासून येतात, आणि मी मोठी झाले आहे यावर त्यांचा अजून विश्वास नाही.) दिवसभर ऊन असं होतं की कुरडया दुपारीच वाजायला लागल्या. आणि चहाच्या वेळेला एकाएकी पश्चिमेचं आभाळ मळकट पिवळं झालं, आणि वारा सुटला. असा सुटला की कोपऱ्यावरच्या दुकानाची पत्र्याची पाटी गल्लीतून एकटीच चालत गेली. कुरडया गच्चीवर. गच्चीचा कठडा माझ्या गुडघ्याएवढा, कारण रविंद्रांचं म्हणणं होतं की उंच कठडा घातला की वारा अडतो. आणि माझे गुडघे तुझ्यासारखेच.

अशा वेळी बाकीच्या बायका काय करतात मला माहीत नाही. मी विचार केला. तलाठी, महाराज, वकीलसाहेब आणि मावशी यांचं आयुष्यात एका गोष्टीवर एकमत आहे: वादळात डेकवर जायचं तर आधी स्वतःला होडीला बांधून घ्यायचं. महाराजसुद्धा, जे अंगात सदरा घालायला तयार नसत, कमरेला दोर घालायचे. कारण एकटा माणूस पडला की होडी थांबत नाही. ती तशीच पुढे जाते, दिवा लावलेला, चहा गरम, आणि आत कोणी नाही. तर मी कूलर वर चढवताना आणलेला नायलॉनचा दोर घेतला, एक टोक टाकीच्या लोखंडी चौकटीला बांधलं, दुसरं माझ्या कमरेला, आणि वाऱ्यात उतरले. मला यात आजही काही चूक दिसत नाही. मी एक कुरडई जाऊ दिली नाही. पदर तोंडावर गुंडाळलेला, डोळ्यांत धूळ, वारा मला कठड्याकडे ढकलतोय आणि दोर मला मागे धरून आहे, आणि मी वाकून वाकून कुरडया परातीत भरते आहे. साठी उलटल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. परात भरली, वर चादर टाकली, चादरीवर विटा ठेवल्या, आणि वारा जसा आला तसा गेला.

मग दोर सोडायला गेले तर गाठ सुटेना.

आणि इथे, चारू, तुझा संबंध येतो. दोन्ही टोकांना मी तलाठ्याच्या पुस्तकातलीच गाठ घातली होती. त्याने चित्र काढून दिलं आहे: ही गाठ कितीही ताण आला तरी आवळत नाही आणि हवी तेव्हा बोटाने सुटते. आपण ती शिकलो त्या दुपारी पुस्तक तुझ्या हातात होतं. तू चित्र स्वतःकडे करून धरलं होतंस आणि मोठ्याने वाचून दाखवत होतीस, आणि मी तुझ्या समोर पायरीवर बसून तुझ्याच वेणीच्या रिबिनीवर ती घालत होते. म्हणजे मी ते चित्र उलटं पाहिलं. उलटंच शिकले, उलटंच पाठ केलं, आणि एवढी वर्षं उलटंच मनात जपून ठेवलं. तलाठ्याची गाठ आवळत नाही. माझी, जितकी ओढावी तितकी आवळते. तेव्हा तुझी रिबीन शेवटी कात्रीने कापावी लागली होती, आणि सिस्टरांनी आपल्या दोघींना उभं केलं होतं, हे आठवलं तेव्हा मी टाकीला पक्की बांधलेली होते, आणि फोन खाली चार्जिंगला होता, आणि पुढच्या दाराला आतून कडी होती.

बसले मग टाकीच्या सावलीत. आणि खरं सांगू, वाईट नव्हतं. वादळानंतरचं आभाळ असं धुतल्यासारखं झालं होतं, पाऊस एक थेंब नाही, नुसता वास. कमरेला दोर, पाठीला टाकी, टाकीत पाणी डुचमळतंय त्याचा आवाज थेट पाठीत येतो आहे. डोळे मिटले की मला शप्पथ किनारा कुठल्या बाजूला ते सांगता आलं नसतं. मी चौघांना एकेक करून बोलावलं. तलाठी म्हणाला: 'कुरडया वाचल्या. गाठ सुटत नाही. वाट पाहणे.' वकीलसाहेबांनी नोटिसा लिहायला घेतल्या: एक दोरवाल्याला, एक कठडा बांधणाऱ्या गवंड्याला, आणि एक श्रीमती चारुलता पाटील, धुळे, यांना, पुस्तक स्वतःकडे करून धरल्याबद्दल. मावशी म्हणाली, परातीतल्या कुरडया पसरून ठेव, दमट राहतील. त्या मी पसरल्या, दोर पोचत होता तिथवर. आणि महाराजांनी वर बोट केलं. एक ढग असोद्याकडून एरंडोलकडे चालला होता, खालून गुलाबी, आम्ही दोघे मिळून तो बघत बसलो. मला सारखं वाटत होतं की हा कोणाला तरी दाखवला पाहिजे. बस्. तेव्हाच मला त्या अकरा पानांचा अर्थ लागला. त्या माणसाला ढग आवडत नव्हता. दाखवायला शेजारी कोणी नव्हतं म्हणून तो लिहीत सुटला होता. चौघांचीही तीच गत. ज्याला खरंच एकटं राहायचं असतं तो पुस्तक कशाला लिहील?

इतक्यात शेजारच्या गच्चीवर सुगनबाई आल्या, वाळत घातलेल्या मुगाच्या वड्या बघायला. (ह्या ज्ञानचंदजींच्या घरच्या. त्यांचं कापडाचं दुकान आहे. आमच्या दोन गच्च्यांमध्ये फक्त एक कठडा आहे, तोही गुडघ्याएवढा.) त्यांनी मला पाहिलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

"संघमित्राबेन, चोर गेले का?"

"चोर नव्हते, सुगनबाई."

"मग बांधलं कोणी?"

"मीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कुरडयांकडे. "कुरडया तर ठेवल्या त्यांनी," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि मी घाबरून खोटं बोलते आहे अशी खात्री करून खाली गल्लीकडे तोंड करून त्यांनी जी हाक मारली, ती ऐकून पलीकडच्या गल्लीतलेही लोक आले. खाली कोणीतरी फोन उंच धरला. त्या व्हिडिओला 'भरदिवसा वृद्ध महिलेस बांधून लूट' असं नाव कोणी दिलं ते अजून कळलेलं नाही, पण दोर कापला जाण्याआधी तो पुण्यात पोचला होता, हे खरं.

मंदाबाई पळत आल्या, सुगनबाईंच्या जिन्याने वर, आणि येताना त्यांच्याच स्वयंपाकघरातली विळी घेऊन. कठडा ओलांडून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"ओ ताई, तुमले कोनी बांधं?"

"मीच बांधलं, मंदाबाई. वाऱ्याने पडू नये म्हणून."

"मंग खाली बसनं व्हतं. वारा काय तुमना घर येयेल पाव्हना शे?"

मग त्यांनी विळी गच्चीवर मांडली, पाटावर पाय ठेवून बसल्या आणि मला म्हणाल्या, या इकडे. विळी काही उचलून वापरता येत नाही, दोरालाच तिच्याकडे जावं लागतं, आणि दोराबरोबर मलाही. तशी मी त्यांच्यासमोर गवारीच्या शेंगेसारखी आडवी होऊन बसले, सुगनबाईंनी माझे खांदे धरले, आणि गल्लीतल्या लोकांनी सूचना केल्या. दोर नायलॉनचा, विळी भाजीची. वेळ लागला. सुगनबाई मधून मधून पश्चिमेकडे बघत होत्या आणि मला वाटलं त्यांना पुन्हा वारा येईल अशी भीती आहे. नंतर लक्षात आलं, त्यांचं जेवण सूर्यास्ताच्या आधी व्हायचं असतं. खाली ताट वाढून ठेवलेलं होतं. सूर्य एरंडोलच्या बाजूला उतरला, पार गेला, आणि त्यांनी माझे खांदे सोडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या बाईने पाणीसुद्धा घेतलं नसणार. मी म्हटलं, सुगनबाई, जा तुम्ही. त्या म्हणाल्या, "तुमी चूप बसा."

मी सुटल्यावर एक पोलीसदादा आले. फार सभ्य मुलगा. कोणावर संशय आहे का विचारलं. मी म्हटलं, एका इंग्रजावर आहे, पण तो वारला, आणि धुळ्याच्या एका निवृत्त शिक्षिकेवर आहे, पण तिचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी पेन थांबवलं. मग विचारलं, "घरात कोण कोण असतं, आजी?" मी म्हटलं, मी. ते वाट बघत राहिले, पुढची नावं येतील म्हणून.

संघपाल आणि सून मृणाली रात्रभर गाडी चालवून आले. माझा मुलगा रागावला नाही, चारू. रागावला असता तर मी वकीलसाहेबांसारखी लढले असते. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "आई, तू स्वतःला टाकीला बांधून घेतलंस."

"पडू नये म्हणून."

"आणि पडली असतीस तर कधी कळलं असतं मला?"

मृणालीने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "पुण्याला चला, आई. आमच्याकडे गच्चीच नाही." बिचारीला ते सांत्वन वाटलं. त्यांचा फ्लॅट मी पाहिला आहे. फार चांगला आहे. एसीला आवाज नाही, वास नाही, थेंब नाही. खिडक्या काचेच्या, त्या उघडत नाहीत. तिथे मी सुरक्षित राहीन, जशी बाटलीत घालून कपाटावर ठेवलेली होडी राहते.

शेवटी तह असा ठरला आहे. येत्या रविवारी संघपाल टेम्पो ठरवून येणार, माझं सामान नेणार, आणि घर भाड्याने देणार. तोवर माझ्याबरोबर कायमचं राहायला कोणी आलं, तर तो टेम्पो परत पाठवील आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. 'कोणी म्हणजे खरंच कोणी, आई,' तो म्हणाला, 'पुस्तकातलं नाही.' तसं मी त्याला कबूल केलं आहे, आणि बांधाबांध सुरू केली आहे. तुला फोन आला की त्याला सांग, आई तयार आहे, त्रास देणार नाही. मी खरंच तयार आहे. माणसाने किती दिवस समुद्रावर राहायचं, तलाठीसुद्धा शेवटी परत आला आणि त्याने शेवटच्या पानावर लिहिलं, 'पोचलो. पाऊस.' मीही पोचेन.

सर्वांना माझा नमस्कार. गुडघ्याला एरंडेल लाव, शेकत जा.

तुझीच,
मित्रा

ता. क. हे पत्र ज्ञानचंदजींबरोबर पाठवते आहे. ते दर गुरुवारी दुकानाच्या कामाने धुळ्याला येतात. बरोबरच्या डब्यात कुरडया आहेत. काहींना थोडी धूळ लागली असेल, तीही पश्चिमेची, म्हणजे तुमच्याकडचीच आहे.

दुसरा ता. क. ज्ञानचंदजी संध्याकाळच्या आत परत निघतात. त्यांच्या गाडीत मागची सीट रिकामी असते. तिच्यावर एक पेटी आणि एक मध्यम उंचीची बाई सहज बसते, मी बसून पाहिलं आहे. तळमजल्याची पूर्वेकडची खोली झाडून ठेवली आहे. मी तयार आहे असं वर लिहिलं ते महाराजांच्या शैलीत लिहिलं होतं. तलाठ्याच्या शैलीत असं आहे: जायचं नाही. तू ये.

तिसरा ता. क. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू आधी 'हं' म्हणशील आणि मग विचार करशील. भांडणं होतील, हे मीच आधी सांगते. तू पंख्याचा वेग मोजशील, मी दूध उतू घालवीन. पण गाठ पुन्हा सुलट शिकवायची जबाबदारी तुझी आहे, ती तू टाळू शकत नाहीस. या वेळी पुस्तक मी धरीन.

चौथा आणि शेवटचा ता. क. तू आली नाहीस तर वाटणी अशी करावी. वकीलसाहेब संघपालला, त्याच्या सोसायटीच्या मीटिंगला उपयोगी पडतील. मावशी मृणालीला, मुली झाल्या तर. महाराज सुगनबाईंना, त्यांना इंग्रजी येत नाही, पण मधे मधे ढगांची चित्रं आहेत, आणि त्या दिवशी सूर्य बुडताना त्यांनी माझ्याबरोबर पाहिला आहे. दोराचा मोठा तुकडा मंदाबाईंना, शेळीसाठी, त्यांनी आधीच मागितला आहे. तलाठी तुला.

आणि तू आलीस तर पुस्तकं कोणालाही द्यायची नाहीत. दोराचा मोठा तुकडा तरीही मंदाबाईंना. कमरेच्या गाठीचा लहान तुकडा तुला, पुरावा म्हणून. खोली तुला, दोन खिडक्यांसकट. पान उलटायचा हक्क तुला. आणि रोज सकाळचा दुसरा कप, जो मी तसाही करतेच, तो तुला.